मातीविना उभी शेती: गाळ्यात की गच्चीवर?

ठाण्यात तळमजल्यावर आपला स्वतःचा ५०० चौरस फुटांचा गाळा रिकामा पडून आहे, त्याच इमारतीची सुमारे १,००० चौरस फुटांची गच्ची वापरू द्यायला सोसायटी तयार आहे, आणि या दोन्हींपैकी एका जागी मातीविना, थरांवर थर रचून ताजी पालेभाजी पिकवून विकायची आपली इच्छा आहे. एका विक्रेत्याने गाळ्यासाठी चार थरांची मांडणी, एलईडी दिवे आणि वातानुकूलन असा प्रस्ताव दिला असून त्यात ‘एकरभर शेताइतके उत्पन्न’ असे म्हटले आहे. पैसे घालावेत का, आणि घालायचे तर कोणत्या जागेत, असे आपण विचारले आहे.

मी गेली चौदा वर्षे पुण्यात आणि मुंबईच्या उपनगरांत अशा मांडण्या उभारतो आणि चालवतो, आणि त्यांतल्या काही मला बंदही कराव्या लागल्या आहेत. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगतो. पीक गच्चीवर घ्यावे, गाळा रोपवाटिकेसाठी आणि भाजी निवडून बांधण्यासाठी ठेवावा, आणि विक्रेत्याचा चार थरांचा प्रस्ताव आज तरी स्वीकारू नये. या मताची कारणे समजून घेतलीत तर पुढे कोणताही विक्रेता समोर आला तरी त्याचा कागद आपल्याला स्वतःच तपासता येईल, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

सर्वांत आधी एक गोष्ट वेगळी करून घ्यावी लागते. ‘मातीविना’ शेती करणे हा एक निर्णय आहे आणि ती ‘उभी’ करणे हा दुसरा. मातीविना पीक वाढते याबद्दल शंका घेण्याचे कारण उरलेले नाही. युलियस फॉन झाक्स आणि व्हिल्हेल्म क्नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६०च्या दशकातच क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवून दाखवली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी हे तंत्र प्रयोगशाळेबाहेर काढले आणि १९३७ साली त्याला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव छापून दिले. आपल्या देशातही ते नवे नाही. कालिम्पाँग येथे १९४६ पासून शोल्टो डग्लस यांनी साध्या, स्वस्त साहित्यावर बेतलेली पद्धत बसवली आणि ती ‘बंगाल पद्धत’ म्हणून जगभर ओळखली गेली. आपल्याकडचा द्राक्षबागायतदार ठिबकमधून १३:००:४५ किंवा ००:५२:३४ अशी विद्राव्य खते सोडतो तेव्हा तो अर्ध्या वाटेवर आलेलाच असतो, कारण मुळांना लागणारे अन्न पाण्यातून मोजून देण्याची विद्या त्याच्या हातात असते.

उभी शेती मात्र मुळांच्या अन्नावर ठरत नाही, ती पानांच्या अन्नावर ठरते. पाणी पंपाने दहाव्या थरापर्यंत चढवता येते आणि खत त्या पाण्याबरोबर आपोआप चढते, परंतु सूर्यप्रकाश चढवता येत नाही. एका चौरस मीटरवर जितके ऊन पडते तितकेच तिथे एक थर असला तरी पडते आणि दहा थर असले तरी पडते. वरच्या थराने ते घेतले की खालच्या थराला उरलेलेच मिळते. म्हणून मांडणीची उंची वाढवली की तिच्यासोबत विकतचा प्रकाश आलाच, आणि तो किती रुपयांना पडतो हे पाहिल्याशिवाय उभ्या शेतीविषयी एक शब्दही बोलू नये, असे मला वाटते. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर प्रयोग परिवारातल्या शेतकऱ्यांना शेतीकडे सूर्यप्रकाशाची कापणी म्हणून पाहायला शिकवत असत. गाळ्याचा हिशोब मांडायला ती दृष्टी फार उपयोगी पडते.

तो हिशोब आता मांडू. पालेभाजीला लागणारा प्रकाश मायक्रोमोलमध्ये, म्हणजे पानांवर पडणाऱ्या प्रकाशकणांच्या संख्येत मोजतात. लेट्यूससारख्या पिकाला बंद खोलीत दर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे २०० मायक्रोमोल प्रकाश रोज १६ तास द्यावा लागतो. चांगले एलईडी एका वॅटमागे सेकंदाला सुमारे अडीच मायक्रोमोल प्रकाश देतात, म्हणजे दर चौरस मीटरला ८० वॅट आले. आपला गाळा सुमारे ४६ चौरस मीटरचा आहे. चालायला, टाकीला आणि कामाच्या टेबलाला जागा सोडली की घडवंच्यांना १८ चौरस मीटर मिळतील आणि चार थरांचे मिळून ७२ चौरस मीटर होतील. त्यांच्या दिव्यांना ५.७६ किलोवॅट, म्हणजे रोज साधारण ९२ युनिट वीज लागेल. दिव्यांत गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता आणि बाष्प होऊन उरते. ते बाहेर काढायला वातानुकूलन यंत्राला त्याच्या साधारण एक तृतीयांश वीज आणखी लागते, म्हणजे रोजची १२३ युनिट आणि महिन्याची सुमारे ३,७०० युनिट झाली. सर्व आकार धरून आपल्याला युनिट १२ रुपयांना पडत असेल तर हे बिल महिन्याला ४४ हजारांच्या घरात जाईल.

उत्पादनाची बाजू अशी. चौरस मीटरला २५ रोपे आणि रोपामागे १५० ग्रॅम धरले तर ३५ दिवसांत पावणेचार किलो, ७२ चौरस मीटरमध्ये २७० किलो आणि महिन्याच्या हिशोबाने साधारण २३० किलो भाजी मिळते. म्हणजे किलोमागे नुसती वीज १९० रुपयांची. बी, खत, मजुरी, पॅकिंग, वाहतूक, वाया जाणारा माल, भांडवलावरचे व्याज आणि गाळा भाड्याने दिला असता तर मिळाले असते ते भाडे, यांतले काहीही यात अजून धरलेले नाही. शिवाय हा हिशोब एकही रोप न मरता, पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या मांडणीचा आहे. तशी मांडणी मी माझी स्वतःचीही पाहिलेली नाही.

एकरभर उत्पन्नाचा दावाही इथेच तपासून घेऊ. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील युमा भागासाठी तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली लेट्यूसच्या दोन पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. मातीविना हरितगृहात वर्षाला दर चौरस मीटरला सुमारे ४१ किलो आणि शेतात ३.९ किलो उत्पादन धरले होते. तेच प्रमाण लावले तर आपले ७२ चौरस मीटर म्हणजे सुमारे साडेसात गुंठे शेत होते, आणि एकर तर ४० गुंठ्यांचा असतो. त्याच तुलनेत एका किलोमागे पाणी २५० लिटरवरून २० लिटरवर आले होते, आणि ऊर्जा मात्र ८० पटींहून अधिक लागली होती. पाण्याची बचत खरी आहे आणि मोठी आहे. तिची किंमत विजेच्या मीटरवर मोजावी लागते, हेही तितकेच खरे आहे.

ज्यांच्याकडे अब्जावधींचे भांडवल होते त्यांनाही हे गणित चुकवता आले नाही. कोलंबिया विद्यापीठातील डिक्सन डेस्पोमिए यांच्या विद्यार्थ्यांनी १९९९ साली मॅनहॅटनच्या गच्च्यांवर भाजी पिकवल्यास किती लोकांचे पोट भरेल हे मोजले, तेव्हा उत्तर लोकसंख्येच्या दोन टक्के इतके आले. त्यावर उपाय म्हणून त्यांनी शेती इमारतीच्या आत, मजल्यांवर नेण्याची कल्पना मांडली आणि त्या कल्पनेने पुढच्या दोन दशकांत प्रचंड गुंतवणूक ओढली. त्यानंतर अमेरिकेतल्या उभ्या शेतीच्या कंपन्यांपैकी एरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरी संरक्षण मागितले, बावरी ही कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद पडली आणि मार्च २०२५ मध्ये प्लेंटीलाही न्यायालयाचा आश्रय घ्यावा लागला. या लोकांचे तंत्र कच्चे नव्हते. विजेवर आणि यंत्रांवर पिकवलेला लेट्यूस, उन्हात फुकट पिकलेल्या लेट्यूसच्या शेजारी दुकानाच्या त्याच फळीवर विकावा लागतो, ही त्यांची अडचण होती. जिथे हिवाळ्यात चार-चार महिने ऊन नसते, किंवा सिंगापूरसारखी जिथे जमीनच नाही, तिथे या पद्धतीची बाजू मांडता येते. ठाण्यात आपल्या डोक्यावर वर्षातले आठ महिने लखलखीत ऊन असताना ते बाहेर ठेवून, दार लावून, आत दिवे पेटवायचे, हे मला पटत नाही.

म्हणून गच्ची. मात्र गच्चीवरही उंचीचा मोह आवरावा लागतो. बाजारात मिळणारे सहा-सात फुटी उभे मनोरे दिसायला देखणे असतात. पण त्यांच्या उत्तरेकडच्या बाजूची आणि खालच्या कप्प्यांतली रोपे उंच, फिकट आणि लुळी होतात, आणि विक्रीयोग्य माल निम्म्याच कप्प्यांतून निघतो. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी उतरत्या, साधारण दीड मीटर उंचीच्या घोडीसारख्या चौकटीवर प्रत्येक बाजूला तीन नळ्या, खालची नळी वरचीपेक्षा २० ते २५ सेंटिमीटर पुढे सरकवून, अशी रचना करावी. चौकटी दक्षिणोत्तर ठेवाव्यात, म्हणजे सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची बाजू उजळते. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीच्या दिवसांत सूर्य नेमका माथ्यावर येतो तेव्हा तीनही नळ्यांना वरून ऊन मिळते. दोन चौकटींत निदान चौकटीच्या उंचीइतके अंतर सोडावे. या रचनेत सपाट मांडणीपेक्षा फार जास्त लागवड बसत नाही. दहापट तर नाहीच, आणि तशी बसवूही नये.

आता ज्या गोष्टीने आपल्याकडच्या बहुतेक मांडण्या मोडल्या, तिच्याकडे येतो. ती म्हणजे पाण्याचे तापमान. परदेशी पुस्तकांत द्रावण १८ ते २२ अंशांवर ठेवा असे एका ओळीत लिहिलेले असते आणि आपण ती ओळ वाचून पुढे जातो. पाण्यात विरघळणारा प्राणवायू २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम असतो आणि ३० अंशांना साडेसातच उरतो. त्याच वेळी उष्णतेने मुळांचा श्वास वाढलेला असतो. मागणी वाढते आणि पुरवठा घटतो, आणि त्या कोंडीत पिथियम ही बुरशीसारखी रोगकारक जात शिरते.

पुण्यातल्या माझ्या एका गच्चीवर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हे मी पहिल्यांदा पाहिले. सकाळी सगळी पाने टवटवीत होती. दुपारी दोनला लेट्यूसच्या बाहेरच्या पानांनी मान टाकली आणि संध्याकाळी ती पुन्हा उभी राहिली, म्हणून मी ते उन्हावर ढकलले. तिसऱ्या दिवशी एक रोप जाळीच्या कपासह उचलले. निरोगी मुळांचा झुबका पांढऱ्या शेवयांसारखा असतो आणि त्याला ओल्या काकडीसारखा किंचित वास येतो. हा झुबका चहाच्या रंगाचा होता, बोटाला बुळबुळीत लागत होता आणि वास साचलेल्या डबक्याचा येत होता. एक मूळ चिमटीत धरून हलके ओढले तेव्हा त्याची साल मोज्यासारखी निसटून बोटांत आली आणि मागे केसासारखा बारीक दोरा राहिला. टाकीत तापमापी बुडवली, ती ३१ अंश दाखवत होती. पुढच्या सहा दिवसांत ४०० पैकी तीनशेच्या वर रोपे मी उपटून टाकली, कारण एकच टाकी सगळ्या नळ्यांना पाणी पुरवत होती आणि पाण्याबरोबर रोगही सगळीकडे पोहोचला होता.

त्या वर्षानंतर मी तीन गोष्टी बदलल्या आणि आपणही त्या सुरुवातीपासून कराव्यात अशी कळकळीची विनंती आहे. पहिली, टाकी गच्चीवर उघड्यावर कधीही ठेवू नये. जिन्याच्या खोलीच्या सावलीत, थर्मोकोलचे जाड आवरण आणि त्यावर ओले गोणपाट, एवढ्याने माझ्याकडे चार-पाच अंशांचा फरक पडला. एप्रिल-मेसाठी एक लहान चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, लागतोच, आणि त्याची वीज गाळ्यातल्या दिव्यांच्या मानाने फारच थोडी असते. दुसरी, नळ्या पांढऱ्याच घ्याव्यात आणि त्यांच्यावर उन्हाळ्यात ५० टक्के पांढरे शेडनेट असावे. तिसरी गोष्ट पंपाशी निगडित आहे. ॲलन कूपर यांनी इंग्लंडमध्ये विकसित केलेली एनएफटी पद्धत, ज्यात मुळांखालून पाण्याचा नुसता पातळ पापुद्रा वाहतो, थंड देशात उत्तम आहे; पण मे महिन्यात दुपारी वीज गेली तर त्या नळ्यांतली मुळे तास-दीड तासात वाळू लागतात. आपल्याकडे मी नळीच्या टोकाला निचऱ्याची पातळी वर उचलून आत ५ सेंटिमीटर पाणी कायम ठेवतो. ११० मिलिमीटरच्या नळीत हे पाणी मीटरला साधारण ४ लिटर भरते आणि पंप बंद पडला तरी रोपे काही तास तग धरतात. एवढ्या अवधीत माणूस गच्चीवर पोहोचतो, इन्व्हर्टर लावतो, निदान बादलीने पाणी घालतो.

पोषक द्रावणाविषयी विक्रेते फार गूढ निर्माण करतात आणि रंगीत बाटल्या महाग विकतात. त्यांची गरज नाही. पालेभाजीसाठी १,००० लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ६५० ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट ३०० ग्रॅम, मोनो पोटॅशियम फॉस्फेट म्हणजेच ००:५२:३४ हे १४० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३५० ग्रॅम, १२ टक्क्यांचे चिलेटेड लोह १५ ग्रॅम आणि बाकीची सूक्ष्म अन्नद्रव्ये पुडक्यावरच्या प्रमाणात, हे मिश्रण मी अनेक वर्षे वापरतो आहे. सर्व खते पूर्ण विद्राव्य प्रतीची असावीत. याची विद्युत वाहकता, जिला या धंद्यात सगळे ईसी म्हणतात, मृदू पाण्यात १.३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास येते. थंडीत ती १.६ पर्यंत वाढवावी आणि उन्हाळ्यात १.१ वर आणावी, कारण उकाड्यात रोप अन्नापेक्षा पाणी जास्त पिते आणि द्रावण आपोआप घट्ट होत जाते. सामू, म्हणजे पीएच, ५.५ ते ६.५ मध्ये ठेवावा. त्याच्या वर गेला की लोह पाण्यात असूनही रोपाला मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात.

एक चूक जवळजवळ प्रत्येक नवशिक्या करतो. जागा वाचावी म्हणून तो सर्व खतांचे एकच घट्ट द्रावण बनवून ठेवतो. कॅल्शियम आणि सल्फेट घट्ट अवस्थेत एकत्र आले की जिप्सम बनते, कॅल्शियम आणि फॉस्फेटचेही तसेच, आणि डब्याच्या तळाशी पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे आपण विकत घेतलेले खतच असते, पण रोपाला ते आता कधीच मिळणार नाही. म्हणून कॅल्शियम नायट्रेट आणि लोह एका डब्यात, बाकी सगळे दुसऱ्या डब्यात, आणि दोन्हींची भेट टाकीतल्या भरपूर पाण्यातच. पाणी कोणते वापरणार हेही आधी ठरवावे. महापालिकेचे नळाचे पाणी बहुधा मृदू असते, तर बोअरच्या पाण्यातला बायकार्बोनेट सामू रोज वर ओढत राहतो आणि आम्ल ओतण्यातच आपला वेळ जातो. बोअरचे पाणी असेल तर प्रयोगशाळेतून तपासणी करून घेतल्याशिवाय एक ग्रॅमही खत विकत आणू नये.

पिके कोणती घ्यावीत? लेट्यूस, पाक चोय, बेसिल, अरुगुला आणि पुदिना यांना हॉटेलांत आणि घरपोच भाजी घेणाऱ्या कुटुंबांत मागणी आहे, आणि तोडल्यावर काही तासांतच ती कोमेजतात, म्हणून इमारतीच्या गच्चीवरून दोन किलोमीटरवर पोहोचलेल्या मालाला दुरून आलेल्या मालापेक्षा खरोखरच जास्त भाव मिळू शकतो. मेथी आणि कोथिंबिरीबद्दल मात्र मी आपल्याला सावध करतो. हंगामात शेतावरची जुडी ज्या भावाने बाजारात येते, त्या भावात कोणतीही नळी, पंप आणि मजूर परवडत नाही. घरच्यासाठी जरूर करावी: धणे लाटण्याने हलके भरडून दोन फाकी वेगळ्या कराव्यात, रात्रभर भिजवावेत आणि कोकोपीटच्या ट्रेमध्ये दाट पेरावेत. विक्रीसाठी मी त्यांचा विचार फक्त पावसाळ्यात करतो. जुलै-ऑगस्टमध्ये शेतातल्या पालेभाज्या पावसाने सडतात, श्रावणात मागणी वाढते आणि जुडीचा भाव अनेकदा दुप्पट-तिप्पट होतो. आपल्या गच्चीवर पारदर्शक छप्पर असेल तर तोच आपला कमाईचा हंगाम असतो. छप्पर लागतेच, कारण एका जोराच्या सरीने टाकीतले द्रावण निम्मे पातळ होते. मात्र जूनमध्ये शेडनेट न विसरता काढावे. ढगाळ आकाशाखालचा प्रकाश पालेभाजीला बहुधा पुरतो, पण ५० टक्के जाळीखाली तो पुरत नाही. दमट हवेत केवडा रोग येतो, म्हणून त्या दिवसांत रोपांमधले अंतर वाढवावे आणि एक-दोन पंखे चालू ठेवावेत. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची उभ्या थरांत घेऊ नये.

बंद जागेत कीड येत नाही असे सांगितले जाते, ते गच्चीला तरी लागू नाही. मावा, फुलकिडे आणि पांढरी माशी येतातच. पिवळे आणि निळे चिकट सापळे, चौफेर कीटकरोधक जाळी आणि गरजेपुरता निंबोळी अर्क यांवर मी भागवतो. पाच आठवड्यांत तोडून कच्ची खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर विषारी फवारणी करणे मला मान्य नाही. त्याच प्रामाणिकपणाने हेही सांगावे लागते की ही भाजी ‘सेंद्रिय’ म्हणून विकू नये. ती खनिज क्षारांवर वाढलेली आहे. ‘कीटकनाशक न फवारलेली, आज सकाळी तोडलेली’ एवढे खरे वाक्य पुरेसे असते आणि ग्राहक त्यावर टिकतो. आणखी एक काळजी घ्यावी: तोडणी उन्हात गेलेल्या दिवसाच्या शेवटी, म्हणजे संध्याकाळी केली तर पानांतले नायट्रेट सकाळच्या मानाने कमी असते. शिळेपणा टाळायला सकाळी तोडायचीच असेल तर आधीचे तीन-चार दिवस द्रावण पातळ ठेवावे.

गच्चीच्या वजनाचा विचार लोक शेवटी करतात, तो आधी करावा. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. तीन मीटर लांबीच्या एका चौकटीत १८ मीटर नळी, तिच्यातले सुमारे ७५ लिटर पाणी, लोखंड आणि रोपे मिळून १५० किलोच्या आत राहते आणि ते साडेतीन चौरस मीटरवर पसरते, म्हणून चौकटींची चिंता नाही. चिंता टाकीची आहे: १,००० लिटरची टाकी एका चौरस मीटरवर एक टन भार टाकते. ५०० लिटरच्या लहान टाक्या घ्याव्यात, त्या खांबांच्या आणि तुळयांच्या माथ्यावरच बसवाव्यात, आणि स्ट्रक्चरल अभियंत्याचे लेखी मत घ्यावे. वाऱ्याचा जोर छपराला उचलतो, तेव्हा त्याचीही चौकशी त्याच अभियंत्याकडे करावी. सर्वसाधारण सभेचा ठराव, छपरासाठी महापालिकेची परवानगी आणि गच्चीचे जलरोधक काम, हे तीनही नळ्या येण्यापूर्वी व्हायला हवे. टाक्यांची झाकणे घट्ट असावीत. डेंग्यूच्या दिवसांत उघड्या टाकीत अळ्या सापडल्या तर सोसायटीचा विश्वास एका दिवसात जातो, आणि तो जाणे योग्यच आहे.

आता गाळा. रोपांच्या आयुष्यातले पहिले १५ दिवस फार थोड्या जागेत जातात. ९८ कप्प्यांचे प्रो-ट्रे मांडले तर एका चौरस मीटरमध्ये सहाशेच्या वर रोपे बसतात, म्हणजे दिव्यांचा खर्च रोपामागे काही पैशांवर येतो आणि एप्रिलच्या उकाड्यातही उगवण एकसारखी मिळते. दोन चौरस मीटरची एक घडवंची, तिच्यावर दिवे, आणि दुपारपुरते वातानुकूलन, एवढे गाळ्यात करावे. जमल्यास त्याच दिव्यांखाली मुळा, मोहरी, सूर्यफूल यांचे मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळेपणीच कापायची रोपे, घ्यावेत. ती दहा-बारा दिवसांत तयार होतात, त्यांना प्रकाश कमी लागतो आणि वजनाला भाव चांगला मिळतो. विकतच्या प्रकाशाचे पैसे सुटतात ते अशाच पिकांत.

सुरुवात चार चौकटींपासून करावी. प्रत्येकीवर २० सेंटिमीटर अंतराने ९० रोपे, म्हणजे एकूण ३६०. दर आठवड्याला सत्तरेक रोपे लावली आणि पाच आठवड्यांच्या चक्रात तितकीच तोडली तर आठवड्याला दहा-अकरा किलो माल हातात येतो. एवढा माल नियमितपणे, ठरलेल्या वारी, ठरलेल्या भावाने घेणारी दोन हॉटेले आणि वीस-पंचवीस घरे मिळेपर्यंत पाचवी चौकट उभी करू नये. माझ्या बंद पडलेल्या मांडण्यांपैकी दोन उत्तम पिकत होत्या. शुक्रवारी तोडलेला माल सोमवारपर्यंत शीतकपाटात पडून राहत होता, एवढेच त्यांचे दुखणे होते.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक काम करावे. २० लिटरची झाकणाची पांढरी बादली पाण्याने भरून, जिथे टाकी ठेवायचा विचार आहे त्या सावलीच्या जागी दहा दिवस ठेवावी आणि रोज सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता तिच्यातल्या पाण्याचे तापमान वहीत लिहावे. सोबत गच्चीच्या कोणत्या भागावर शेजारच्या इमारतीची सावली किती वाजता येते आणि किती वाजता सरते, हे एका कागदावर गच्चीचा नकाशा काढून नोंदवावे. ती वही, तो नकाशा आणि पाण्याचा तपासणी अहवाल माझ्याकडे पाठवलात तर चौकटी कोठे मांडाव्यात आणि चिलर किती क्षमतेचा घ्यावा हे मी आपल्याला आकड्यांनिशी सांगू शकेन.